दरवेश खान : तार वाद्याला सहावी तार देणारे वादक



इराणमध्ये एक वाद्य आहे, त्याचं नावच तार. फारसीतही अर्थ आपल्यासारखाच. मुलांना एवढं सांगितलं तरी वाद्य लक्षात राहतं. तुतीच्या लाकडाचे दोन पोकळ वाडगे एकमेकांना जोडलेले, त्यांच्यावर कोकराचं पातळ कातडं आणि लांब मान. मेण लावलेल्या छोट्या पितळी पट्टीने ते छेडतात.

या वाद्याचे मोठे वादक गुलाम हुसेन दरवेश, म्हणजेच दरवेश खान. जन्म १८७२, तेहरान. वडील थोडी सेतार वाजवत. त्यांनी मुलाला दारुल्फुनून या शाळेच्या संगीत वर्गात घातलं. तार मात्र ते मिर्झा हुसेन कुली यांच्याकडे शिकले.

पुढे ते शुआउस्सल्तने या राजपुत्राच्या पदरी राहिले. दरबारी वादकाने परवानगीशिवाय बाहेर वाजवायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज. दरवेश खान मात्र बाहेरही वाजवायचे. राजपुत्र इतका संतापला की त्यांची बोटं तोडण्यापर्यंत गोष्ट गेली. वादकाची बोटं! दरवेश खान जीव मुठीत धरून ब्रिटिश वकिलातीत आश्रयाला गेले. वकिलातीने मध्यस्थी केली आणि दरबाराची चाकरी सुटली. नंतर त्यांनी तिकीट लावून लोकांसाठी जलसे केले, गरजूंच्या मदतीसाठीही वाजवलं.

तेव्हा इराणी तारेला पाच तारा होत्या. सेतारीला जशी चौथी तार जोडली गेली होती, तशी त्यांनी हिला सहावी जोडली. (सेतार म्हणजे खरं तर तीन तारांची. आपल्या सतारीचं नाव याच शब्दावरून आलंय.) शेजारच्या अझरबैजानात शूशा गावच्या सादिकजान यांनी तारा अकरापर्यंत नेल्या आणि वाद्य मांडीवरून उचलून छातीशी धरलं. खुरासानातला दोतार मात्र आजही दोनच तारांवर भागवतो.

दरवेश खान आपल्या चांगल्या शिष्यांना सोन्याची छोटी कुऱ्हाड पदक म्हणून देत. अबुलहसन सबा हे त्यांचेच शिष्य.

नोव्हेंबर १९२६ मध्ये एका रात्री ते घोडागाडीतून घरी निघाले होते. तेहरानमध्ये तेव्हा मोटारी मोजक्याच. त्यातलीच एक गाडीवर आदळली आणि दरवेश खान गेले. इराणमधल्या मोटार अपघाताच्या पहिल्या बळींमध्ये त्यांचं नाव घेतात. उत्तर तेहरानमधल्या जहीरुद्दौला कब्रस्तानात त्यांची कबर आहे.