शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

मार्च १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चाची चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी सरकारपुढे एक आकडा ठेवला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात. उरलेली ८२ मुले पुन्हा निरक्षरांत जमा होतात. मूल शाळेत आले ते कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, नाहीतर त्याच्यावर केलेला खर्च वाया गेला, असा त्यांचा मुद्दा होता.

आज पटावर नाव नसलेले मूल सहसा सापडत नाही. पण चौथीत बसूनही एक परिच्छेद सलग वाचता न येणारी मुले आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. म्हणजे गळती थांबलेली नाही, ती फक्त हजेरीपटावर दिसत नाही. आणि ती पहिलीत सुरू होत नाही. तीन ते सहा या वयात कोणाच्या कानावर गोष्टी पडल्या, कोणाच्या हाताला चित्रांचे पुस्तक लागले आणि कोणाच्या लागले नाही, यावर ती बरीचशी ठरून गेलेली असते.

हे ओळखून आपले आयुष्य या वयाच्या मुलांसाठी दिलेली महाराष्ट्रातली एक बाई म्हणजे ताराबाई मोडक. आपल्या चळवळीत त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. त्या आपल्या विचारपरंपरेतल्या नव्हत्या, हे त्याचे एक कारण. पण आपल्या वस्तीतल्या लेकरांच्या वाचनाची चिंता असेल, तर त्यांचे काम समजून घ्यावे लागेल, असे आम्हाला वाटते.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे काम करणारे, त्यामुळे घरात मुलींनी शिकण्याला अडथळा नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवी घेणाऱ्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि आपल्या वस्त्यांतल्या मुलींना तर शाळेचा उंबरठाही मोकळा नव्हता. हे अंतर लक्षात ठेवूनच त्यांच्याकडे पाहावे लागते. ब्राह्मण घर, सुधारक वडील आणि शहर यांनी त्यांना जे दिले, ते आपल्या आज्या-पणज्यांना मिळाले नव्हते.

लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या. पती वकील होते. पण संसार टिकला नाही आणि १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. पदरात लहान मुलगी होती. पुढे राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पगार आणि मान दोन्ही होते. पण शिक्षिका तयार करताना मूल नेमके कसे शिकते, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि त्या तिथे गेल्या. पुढची सुमारे नऊ वर्षे त्या भावनगरला होत्या.

तिथले काम इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीवर उभे होते. माँटेसरी बाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब कामगार वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते. मोकळ्या हाताने वस्तू हाताळत मूल स्वतः शिकते, असे त्यांना तिथे दिसले. वाचन-लेखनाबद्दल त्यांची रीत त्या काळच्या शाळांच्या अगदी उलट होती. पाटीवर अक्षर काढून ते पन्नास वेळा गिरवायला लावायचे नाही. पॉलिश पेपरमधून कापलेली खरखरीत अक्षरे मुलासमोर ठेवायची. मूल त्यावरून बोट फिरवते आणि तोंडाने तो आवाज काढते. डोळा, कान आणि हात एकाच वेळी ते अक्षर ओळखतात. मग सुटी अक्षरे जुळवून मूल शब्द तयार करते. बोटांना वळण लागलेले असल्याने लिहिणे जड जात नाही आणि वाचन त्यामागून येते.

गिजुभाई आणि ताराबाईंनी ही पद्धत गुजराती-मराठी घरांतल्या मुलांसाठी वळवून घेतली. गोष्टी, गाणी, नाट्य, बडबड आणि खेळ यांना त्यांनी शिक्षणाच्या मध्यभागी आणले. मारणे, घाबरवणे आणि बक्षिसाचे आमिष दाखवणे त्यांनी हद्दपार केले. यामागचा विचार साधा आहे. ज्या मुलाला बोलायला भीती वाटते, त्याला वाचायलाही भीती वाटते. १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. संघाची शिक्षणपत्रिका आधी गुजरातीत आणि १९३३ पासून ताराबाईंच्या संपादनाखाली मराठीत निघू लागली.

१९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाले. मुले आनंदाने येत होती, शिक्षिकांचे प्रशिक्षण चालू होते, नाव झाले होते. पण येणारी मुले बहुतेक पांढरपेशा घरांतली होती. माँटेसरीचे साहित्य महाग. ती पद्धत जन्माला आली गरिबांच्या वस्तीत, आणि आपल्याकडे येता येता ती फी भरणाऱ्यांची झाली. ताराबाई तिथेच थांबल्या असत्या, तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

१९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आजचा पालघर. तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य वाट्याला आलेल्या, त्यानंतर जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. ही जोडी पुढे ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकली.

बोर्डीत गावासाठी बालवाडी निघाली, पण अस्पृश्य मानलेल्या वस्तीतली मुले तिथे येत नव्हती. आईबाप पहाटे कामाला जात. मुले धाकट्या भावंडांना सांभाळत. शिवाय गावाच्या मध्यावरच्या जागेत आपण जायचे की नाही, हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या शिकवून ठेवलेले होते. शिक्षणखात्याची नेहमीची रीत अशी की मूल आले नाही की पालकांना अडाणी ठरवायचे. ताराबाईंनी उलट केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरवून त्या आणि अनुताई वस्तीत गेल्या आणि घरांच्या अंगणातच वर्ग भरवू लागल्या. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. आज देशभर चालणारा हा शब्द अशा एका वस्तीच्या अंगणातून आला आहे.

तिथे महागडे साहित्य नव्हते. समुद्रकाठचे शिंपले, चिंचोके, खडे, पाने, बिया, माती यांतून मोजणे, जुळवणे, वेगळे करणे चालले. आधी अंघोळ, नखे, केस, मग गाणी आणि गोष्टी. मूल स्वच्छ, पोट भरलेले आणि निर्भय झाले की बोलू लागते. बोलू लागले की अक्षराकडे वळते. हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीजवळ गेले. तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटे आहे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडी उभी केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत, ते काम चालवले.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत सुरू केली आणि अंगणवाडी हे सरकारी नाव झाले. पोषण आहार, लसीकरण, वजन यांची जबाबदारी तिच्यावर आली आणि ती गरजेचीच आहे. पण कामाच्या नोंदी वाढत गेल्या आणि गोष्ट मागे पडली. आज अनेक ठिकाणी अंगणवाडी म्हणजे खिचडी, एवढाच अर्थ लोकांच्या मनात उरला आहे.

इथे संविधानाचाही एक धागा आहे. कलम ४५ मूळ स्वरूपात वयाच्या १४ वर्षांपर्यंत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची दिशा देत होते. खालची वयोमर्यादा त्यात नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालील मुलांना मार्गदर्शक तत्त्वांतच ठेवले. म्हणजे ज्या वयात वाचनाचा पाया पडतो, त्या वयाच्या शिक्षणासाठी हक्क म्हणून कोर्टात उभे राहणे आजही अवघड आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा पायाभूत टप्पा मानला, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. याची लढाई आपल्या चळवळीने अजून नीट हाती घेतलेली नाही.

ताराबाईंच्या कामाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्यांचे काम गांधीवादी ग्रामसेवेच्या वाटेने गेले. ज्या वस्तीला त्या काळी हरिजनवाडा म्हटले गेले, तिथल्या माणसांनी बाबासाहेबांच्या मार्गाने ते नावच नाकारले. अंगणात वर्ग भरला म्हणून गावाचे मधले अंगण सर्वांचे झाले नाही. जात मोडणे हे त्या केंद्राचे काम नव्हते, ते आपल्या चळवळीने केले. पण आपल्या चळवळीने शिका हा मंत्र दिला तेव्हा डोळ्यांसमोर बहुधा शाळा-कॉलेजातला विद्यार्थी होता. तीन वर्षांच्या लेकराचे शिकणे कसे असते, ते ताराबाईंनी दाखवले. दोन्हींची सांगड घालण्यात कमीपणा नाही. भगवान बुद्धांनीही लोकांना त्यांच्याच बोलीत, त्यांच्या गावात जाऊन शिकवले.

आता नेरळकडे येऊ. मुंबईच्या लोकलमुळे नेरळ-कर्जत पट्ट्यात इमारती वाढल्या आणि त्यांच्यासोबत ज्युनिअर केजीच्या पाट्याही. आपल्या बौद्धवाड्यांतले आईबाप पोटाला चिमटा काढून तिथे फी भरतात. त्यांची तळमळ खरी आहे. पण साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन रोज वहीची पाने भरून घेणे म्हणजे वाचन शिकवणे नाही. घरात मराठी, वहीत न कळणारी इंग्रजी आणि दोन्हींत गोष्ट कुठेच नाही, अशी मुले आम्हाला नेहमी भेटतात. दुसरीकडे माथेरानच्या पायथ्याच्या आणि खालापूरच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्या महिन्यांत अंगणवाडी वाडीत असते आणि मूल भट्टीवर. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने भट्ट्यांवरच भोंगा शाळा चालवल्या, त्या याच विचाराने. शाळेने मुलाकडे जायचे.

आपल्याकडे विहार आहेत, शिकलेले तरुण-तरुणी आहेत. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आपण उभ्या केल्या. त्याच विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी तास-तासभर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ठेवता येईल. त्यात काय करायचे, ते अवघड नाही.

गोष्ट सांगायची आणि पुस्तकातून बोट फिरवत वाचूनही दाखवायची, म्हणजे बोललेलेच इथे लिहिले आहे हे मुलाला कळते. कातकरी मुलांना गोष्ट आधी त्यांच्या बोलीत. नावे टाळ्यांनी तोडायची : क-म-ल, सि-ता-रा. मासा, माठ, मांजर यांचा पहिला आवाज कोणता, हा खेळ खेळायचा. आवाज कानात बसल्याशिवाय अक्षर डोळ्यांत बसत नाही. प्रत्येक मुलाचे नाव पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या हाती द्यायचे, कारण स्वतःचे नाव हा मुलाला हवाहवासा वाटणारा पहिला शब्द असतो. पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्याची ग, म, भ, न ही वळणाला सोपी अक्षरे आधी कापायची. नेरळ स्टेशनची पाटी, एसटीची पाटी, किराणा दुकानाचा फलक मुलांना दाखवायचा. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम चित्रांच्या मराठी पुस्तकांसाठी बाजूला काढायची. आणि अंगणवाडी सेविकेशी भांडण्याआधी तिच्यासोबत एक सकाळ बसायचे. नोंदींच्या ओझ्याखाली ती एकटी असते. रिकाम्या पदांसाठी आणि नीट जागेसाठी ग्रामसभेत तिच्या बाजूने उभे राहणे हेही बालशिक्षणाचेच काम आहे.

कोणत्याही मुलाला हे येत नाही म्हणून हिणवायचे मात्र नाही. एखादे मूल चौथ्या वर्षी अक्षर ओळखते, एखादे सहाव्या. दोघेही वाचणार असतात, जर कोणी घाई केली नाही आणि कोणी सोडूनही दिले नाही.

१९२७ मध्ये बाबासाहेबांनी मांडलेला ८२ मुलांचा हिशेब अजून मिटलेला नाही. तो मिटवण्याची सुरुवात दहावीच्या गुणवंत सत्कारात होणार नाही, वस्तीच्या अंगणात होईल. येत्या रविवारी आपल्या वाड्यातली तीन ते सहा वर्षांची मुले किती आणि ती दिवसभर कुठे असतात, एवढी यादी तरी करूया. त्या यादीतून पुढचे काम आपोआप समोर येईल.

जय भीम. नमो बुद्धाय.