मांत्रिकांना आव्हान देणारे दादोबा

दादोबा पांडुरंग तर्खडकर हे नाव निघाले की आपणांस व्याकरण आठवते. परंतु आम्हां गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना त्यांच्या चरित्रातील एक प्रकरण अधिक जवळचे वाटावे. ते सुरतेत घडले.

दादोबांचा जन्म १८१४ साली मुंबईस झाला. १८३६ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि पुढे शिक्षक म्हणून ते सुरतेस आले. १८३७ ची आग आणि त्याच वर्षीचा पूर यांनी ते शहर खचले होते. भुताखेतांची धास्ती होती आणि मंत्रतंत्र करणाऱ्यांवर लोकांचा भरवसा होता. तेथे शाळेतील दुर्गाराम मेहताजींशी त्यांचा स्नेह जडला. २२ जून १८४४ रोजी या मंडळींनी मानवधर्म सभा स्थापिली. जातिभेदावर तर सभेने टीका केलीच; शिवाय मांत्रिकांना व जादूगारांना उघड आव्हान दिले की, सामर्थ्य असेल तर ते सर्वांसमक्ष दाखवावे.

मला या आव्हानाचे मोल फार वाटते. सृष्टीतील गुप्त शक्ती वश करावी, ही इच्छा मांत्रिकाची तशीच शास्त्रज्ञाचीही. विलायतेत खुद्द न्यूटन किमयेच्या भट्टीपाशी वर्षानुवर्षे खपला. भेद आहे तो रीतीचा. मंत्र कानात सांगायचा असतो, तो फुटला की त्याचे बळ गेले असे मानतात. शास्त्राचा प्रयोग चारचौघांत करावा लागतो आणि फसला तर फसला म्हणावे लागते. सुरतेच्या शिक्षकांनी नेमकी हीच कसोटी पुढे केली.

पण पुढचा भाग मनाला लागतो. दादोबा १८४६ मध्ये मुंबईस परतले आणि १८४९ च्या सुमारास तेथे परमहंस सभा निघाली, ती गुप्त! जात मोडण्याची प्रतिज्ञा बंद दाराआड व्हायची. सभासदांची नावे बाहेर फुटली, तेव्हा १८६० च्या सुमारास सभा मोडली. मांत्रिकांना उजेडात बोलावणारे स्वतः जातीच्या भयाने अंधारात बसले. त्यांना भित्रे ठरविणे सोपे आहे. वाळीत पडणे म्हणजे काय, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारावे. १८६७ मध्ये प्रार्थना समाज मात्र उघडपणे उभा राहिला, आणि त्याचे पहिले अध्यक्ष दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम हे होते.

उतारवयात दादोबांचे मन स्वीडनबॉर्गकडे ओढले. हा स्वीडनचा विद्वान खनिजांचा आणि शरीररचनेचा अभ्यासक होता. पुढे तो देवदूतांशी बोलतो असे सांगू लागला. त्याच्या ग्रंथांवर दादोबांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८७८ साली लंडनला निघाले. १८८२ मध्ये ते निवर्तले.

सुरतेच्या मांत्रिकांना घातलेली अट देवदूतांनाही घालावी, असे त्यांना वाटले असेल काय? श्रद्धा आणि परीक्षा एकाच मनात शेजारी नांदतात. परीक्षेचा हक्क मात्र कोणत्याही श्रद्धेला गहाण टाकू नये, एवढे सुरतेतले दादोबा आपणांस शिकवून गेले.