आधी खराटा, मग कीर्तन

माजी सचिव म्हणून तुमचे अनुभव लिहून द्या, असा स्मरणिका समितीचा निरोप आला. पाणी, लिफ्ट, गच्चीची गळती आणि थकबाकी याबाबतचे माझे अनुभव आपल्या तिन्ही विंगना तोंडपाठ आहेत. तेच पुन्हा कशाला? त्यापेक्षा ज्या माणसामुळे मी ते काम नऊ वर्षं रेटू शकलो, त्याच्याविषयी लिहितो. गाडगेबाबा. नाव सगळ्यांना ठाऊक आहे, स्वच्छता अभियानाच्या फलकावर ते रोज दिसतात. पण त्या फलकापायी बाबा म्हणजे झाडू, एवढंच डोक्यात उरलंय.

माझे वडील मूर्तिजापूरकडचे. शाळकरी वयात त्यांनी बाबांचं कीर्तन ऐकलेलं. त्यामुळे आमच्याकडे बाबा भिंतीवर कमी आणि जेवताना बोलण्यात जास्त असायचे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. परीट कुटुंब. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूपायी लवकर गेले आणि आई सखूबाई पोराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथं डेबूजीनं गुरं राखली, नांगर धरला. शाळा काही मिळाली नाही. पुढं मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. निरक्षर माणसाचा अंगठा किती महाग पडतो हे त्यानं घरातच पाहिलं. मुलीच्या बारशाला मटण आणि दारू ही भाऊबंदकीची रीत. डेबूजीनं पंगतीला गोडाचं जेवण वाढलं. लोक काय म्हणाले असतील याची कल्पना करा. आपल्याकडे वार्षिक सभेत चहाबरोबर सामोश्याऐवजी बिस्किटं ठेवली तरी दोन महिने बोलणी खावी लागतात.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. मागं बायको कुंताबाई आणि मुलं. हा भाग मला आजही नीट गिळता आलेला नाही. वडिलांशी यावरून माझे वादही झाले. संसार टाकून गेलेल्या माणसाचं कौतुक करताना मागं राहिलेल्या बाईचं काय झालं, ते आपण विचारत नाही.

अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि एक फुटकं गाडगं. त्या गाडग्यावरूनच हे नाव पडलं. गावात शिरले की कुणाला काही न सांगता झाडायला लागायचे. भाकरी हवी असेल तर आधी काम मागायचे, लाकडं फोडायचे. कुणी पाया पडायला वाकलं तर संतापायचे, काठीसुद्धा उगारायचे. दुपारपर्यंत गावातले चार जण लाजेनं का होईना खराटा घेऊन मागं यायचे. आणि संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन.

कीर्तनात बाबा उपदेश कमी करत, विचारत जास्त. सगळं अस्सल वऱ्हाडीत. देवळातल्या देवाला आंघोळ कोण घालतं, नैवेद्यावर बसलेली माशी तो हाकलू शकतो का, लग्नासाठी काढलेलं कर्ज कोण फेडतं, बोकड कापून देव कसा प्रसन्न होतो, असे प्रश्न. उत्तर समोरच्यांनी द्यायचं. हजारो माणसं एका आवाजात उत्तर द्यायची, आणि दिल्यावर कळायचं की आपण आपल्याच विरुद्ध साक्ष दिली. स्वतः निरक्षर, पण तुकोबांचे अभंग मुखोद्गत. घरातली भांडी मोडली तरी चालेल पण पोराची शाळा सोडू नका, हे सांगताना दापुऱ्याची ती जमीन त्यांना आठवत असणार, असं मला वाटतं.

आता थोडं आपल्याकडचं. सी विंगच्या मागच्या डक्टमध्ये स्वयंपाकघराच्या खिडक्यांतून कचरा पडायचा, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. सचिव झाल्यावर मी तीन नोटिसा लावल्या. तिसरीत दंडाची रक्कम ठळक अक्षरात. फरक शून्य. वडिलांनी एका संध्याकाळी एवढंच विचारलं, की नोटीस लिहिणारा त्या डक्टमध्ये कधी उतरला होता का. मी उतरलो नव्हतो. राग आला, खोटं का सांगू. रविवारी सकाळी गमबूट घालून उतरलो. पहिल्या रविवारी मी एकटा, वर खिडक्यांतून बघणारे बरेच. दुसऱ्या रविवारी दोन मुलं आणि तळमजल्यावरच्या काकू. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी हे नाटक असल्याचं सांगितलं आणि त्यांचं बोलणं अगदीच चूक नव्हतं; मला लोकांनी बघावं असं वाटत होतंच. कचरा पूर्ण थांबला नाही. पण निम्म्याहून कमी झाला, आणि नोटीस काढून टाकता आली.

बाबांचा दुसरा गुण मला पैशांच्या बाबतीत भावला. कीर्तनात जमलेल्या पैशांतून ऋणमोचनला पूर्णेवर घाट झाला, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकाही इमारतीत ते घर करून राहिले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. १९५२ मध्ये सगळ्या कामासाठी मिशन स्थापन झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं कराडला १९५४ मध्ये बाबांच्या नावानं कॉलेज काढलं, ज्यांनी पाटी कधी हातात धरली नव्हती त्यांच्या नावानं. देखभाल निधीचा हिशोब दर महिन्याला बोर्डावर लावायची पद्धत मी सुरू केली, ती हे सगळं वाचल्यावरच.

खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबलं नाही. आमच्या वडिलांना ही गोष्ट सांगताना दर वेळी पाणी प्यायला उठावं लागायचं.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे नेताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांचा श्वास थांबला. त्याआधी काही आठवडे मुंबईत वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं आहे. वडिलांच्या शेवटच्या वर्षात मी ते त्यांना मोबाईलवर लावून द्यायचो. ऐकू कमी यायचं, म्हणून आवाज मोठा ठेवावा लागे. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, त्यांचे आभार. बाबा प्रश्न विचारायचे, वांद्र्याची गर्दी उत्तर द्यायची, आणि बाल्कनीत बसलेले आमचे वडील त्या गर्दीच्या थोडं आधीच.