कोलाहलातली एकतारी

१८९३ साल. नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या आगगाडीच्या डब्यात एक तिशीतला चित्पावन ब्राह्मण आणि एक गोरा प्रवासी समोरासमोर बसले होते. बोलणे काव्यावरून सुरू झाले आणि बघता बघता धर्मावर येऊन ठेपले. उतरण्यापूर्वी त्या गोऱ्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत ब्राह्मणाच्या हाती ठेवली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि येत्या दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही करून टाकले. ब्राह्मणाला ते भाकीत अर्थातच हास्यास्पद वाटले. वचन मात्र त्याने पाळले.

आज हाच प्रसंग घडेल काय, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. समोरासमोरच्या बाकांवरचे दोघेही आपापल्या मोबाइलच्या पडद्यात डोके घालून बसले असते आणि आपापल्या स्थानकावर उतरून गेले असते. तो ब्राह्मण प्रवासी म्हणजे नारायण वामन टिळक. पुढे रेव्हरंड टिळक म्हणून महाराष्ट्राने ज्यांना ओळखले आणि पाठ्यपुस्तकांनी 'फुलांमुलांचे कवी' म्हणून एका चौकटीत बसवून टाकले, ते टिळक. त्या चौकटीबाहेरचे टिळक आपल्याला फारसे ठाऊक नसतात. आयुष्यभर स्वतःच्याच चंचल मनाशी झगडणारा आणि त्या मनाला एका जागी बसवण्यासाठी स्वतःचा मार्ग शोधणारा हा साधक धांदलीत जगणाऱ्या आजच्या शहरी माणसाला कवी टिळकांहूनही अधिक जवळचा वाटावा.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातल्या करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने कमालीचे तापट. आई जानकीबाई भाविक, कवितेची आवड असणारी. या आईच्या सहवासात नारायणाला भक्तीची आणि शब्दांची गोडी लागली. तो जेमतेम अकरा-बारा वर्षांचा असताना आई गेली आणि त्याच्यापुरते घर संपले. पुढे त्याने नाशिक गाठले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन झाले, थोडेफार इंग्रजी शिक्षणही पदरात पडले. पण शिस्तशीर असे काहीच पूर्ण झाले नाही.

तेव्हापासून सुरू झालेली भ्रमंती जवळजवळ वीस वर्षे चालली. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले. तीच पुढची लक्ष्मी. संसार मांडला म्हणून पाय स्थिरावले मात्र नाहीत. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार, असे नाना उद्योग टिळकांनी केले आणि सोडले. मनात आले की घरात न सांगता निघून जायचे आणि मनात आले की परत यायचे. बाजारात सामान आणायला गेले तर भलतेच काही घेऊन यायचे. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त हे प्रसंग वाचताना आपण हसतो; त्या काळी चूल पेटवायची जबाबदारी ज्या बाईवर होती, तिला हसू आले असेल की नाही, कोण जाणे! नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले, 'ऋषि' नावाचे मासिक काढून झाले, वक्तृत्वाने सभा गाजल्या. इतके करूनही आत कुठेतरी रितेपण होते. जातिभेदाने देश पोखरला आहे, प्रचलित धर्माचरणातून मनाला शांती मिळत नाही, तेव्हा आपणच एक नवा धर्म स्थापावा, असे बेत त्यांच्या डोक्यात घोळू लागले होते. आगगाडीतली ती भेट नेमकी याच वेळची.

पुस्तक वाचताना पेन्सिलीने खुणा करीत जायची टिळकांची सवय होती. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तिथेच खिळले. जे प्रश्न मनात वर्षानुवर्षे घोळत होते, त्यांची उत्तरे त्यांना तिथे दिसू लागली. पुढची दोन वर्षे तगमगीची गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरी त्यांनी हे सांगितलेच नव्हते. लक्ष्मीबाईंना बातमी कळली ती बाहेरून. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या, पदरी लहान मूल असलेल्या त्या तरुण स्त्रीवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. त्यानंतरची जवळजवळ पाच वर्षे त्यांनी नातलगांच्या आधाराने काढली. त्यांतला बराच काळ पंढरपुरात. टिळकांना आत्म्याची शांती सापडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ते खरेही असेल. पण त्या शांतीची किंमत मोजायला त्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी लावली, हेही तितकेच खरे आहे. टिळकांविषयी कितीही आदर बाळगला तरी ही नोंद पुसता येत नाही. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ती पुसली नाही आणि तिचे भांडवलही केले नाही.

अखेर लक्ष्मीबाई नगरला आल्या. आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल सांभाळून वेगळ्या राहिल्या. टिळकांनी यावेळी घाई केली नाही, हे विशेष. लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी जात गेली; माणसाच्या हातचे पाणी माणसाने का पिऊ नये, या प्रश्नाचे उत्तर त्यांना स्वतःच सापडले. मगच, १९०० साली, मुलासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे. डॉ. ह्यूम यांच्यासारखे मिशनरी तिथे होते, धर्मशिक्षणाचे विद्यालय होते. टिळक तिथे शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. शिवाय व्याख्याने, कीर्तने, खेडोपाडी फेऱ्या, कविता. घरात कायम माणसांचा राबता. कुणाचे पोरके मूल, कुणी उपाशी वाटसरू, कुणी होतकरू कवी. बालकवी ठोमरे याच घरी काही काळ राहिले आणि त्या घरचेच होऊन गेले.

म्हणजे हा माणूस रिकामा कधी नव्हता. कामेही सगळी चांगली, परोपकाराची, धर्माची. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांच्या मनाची एक वेगळीच कोंडी झाली. आध्यात्मिक आरोग्याच्या गोष्टी करताना आपण नेहमी चैन, करमणूक, पैसा यांना शत्रू ठरवतो. टिळकांच्या आयुष्यात मन विखुरणारी वस्तू यांपैकी कोणतीच नव्हती. त्यांचे मन विखुरले ते धर्मकार्याच्याच धबडग्यात. मिशन ही संस्था होती. तिला पगार होते, बैठका होत्या, अहवाल होते. परदेशी धनी आणि देशी नोकर अशी एक न बोललेली उतरंडही होती, आणि कडव्या देशाभिमानी टिळकांना ती सतत टोचत असे. ख्रिस्त होणे म्हणजे साहेब होणे नव्हे, हे ते आपल्या समाजाला परोपरीने सांगत. मात्र ज्या ख्रिस्तासाठी सर्वस्व सोडले, त्याच्यासाठी दिवसाकाठी किती वेळ उरतो, हा प्रश्न त्यांना स्वतःलाच विचारावा लागत होता.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना टिळक मागे वळले. आईने दिलेल्या भक्तीकडे आणि ज्ञानोबा-तुकोबांकडे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशा अर्थाचा एक विचार त्यांच्या नावे सांगितला जातो. त्यांची पुढची रचना पाहता तो अगदी खरा वाटतो. तोवर मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी गीतांच्या भाषांतरांची आणि विलायती चालींची चलती होती. शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या तोंडी ती गीते बसत नसत; ओठांवर आली तरी काळजात उतरत नसत. टिळकांनी अभंग, ओवी, पदे लिहिली, टाळ-मृदंग आणले, कीर्तनाचा फड उभा केला. त्यांची शेकडो गीते मराठी प्रार्थनामंदिरांत पुढे पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली.

या गीतांकडे केवळ वाङ्‌मय किंवा धर्मप्रसार म्हणून पाहिले, तर त्यांचे खरे काम लक्षात येत नाही. 'अभंगांजली'तले अभंग चाळले की जाणवते, हा माणूस इथे कुणाला उपदेश करीत नाही. तो ख्रिस्ताशी बोलतो आहे. कधी रुसून, कधी भांडून, बहुधा लहान मुलासारखा हट्ट धरून. ख्रिस्त त्याचा गुरू आहे आणि माउलीही आहे. विठ्ठलाला आई म्हणणाऱ्या महाराष्ट्रात यात नवल नाही. त्या काळच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये मात्र ते नवलच होते. वारकऱ्याला नामस्मरणासाठी घर सोडावे लागत नाही. कांदा-मुळा-भाजी खुडतानाही त्याची उपासना चालू राहते. टिळकांनी नेमकी हीच युक्ती उचलली, असे म्हणावेसे वाटते. माणसांनी भरलेल्या घरात, संपादनाच्या घाईत, प्रवासात त्यांना निवांत कोपरा मिळणे शक्य नव्हते. तेव्हा कोपरा शोधण्याऐवजी त्यांनी संवाद धरून ठेवला. अभंगाचे छोटे, ठेक्यात बसलेले चरण येता-जाता मनात घोळवता येतात. वारंवार भरकटणाऱ्या मनाला वारंवार परत आणतात. मन भरकटणारच नाही, असा दावा त्यांनी केला नाही. ते भरकटते, हीच तर त्यांच्या कित्येक अभंगांची तक्रार आहे.

टिळकांचा तापटपणा, लहर, विसरभोळेपणा बाप्तिस्म्याने नाहीसा झाला नाही. ते रागावत आणि लगेच पश्चात्तापाने विरघळत. खिशातले पैसे कुणाला तरी देऊन मोकळे होत. फरक पडला तो हळूहळू, वर्षांनी. एका क्षणात माणूस पालटतो, अशा चमत्काराच्या शोधात जो या चरित्राकडे येईल, त्याची थोडी निराशाच होईल.

मात्र अभंगांनीही त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही. १९१७ साली, पंचावन्न उलटलेली असताना, त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला. पगार गेला, घराची हमी गेली. साताऱ्याला जाऊन त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. हा एक प्रकारचा ख्रिस्ती आश्रमच होता. कल्पना धाडसी होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, जे जे स्वतःला ख्रिस्ताचे शिष्य मानतात, त्या सर्वांचा एक बंधुसमाज असावा आणि चर्चच्या भिंतीबाहेरही तो वाढावा, अशी ती कल्पना होती. जुने सहकारी चकित झाले, काहींना ते रुचले नाही. उतारवयात नोकरी सोडणाऱ्या माणसाविषयी समाज जे बोलतो, ते सगळे बोलले गेले असणार. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला पुन्हा एकदा अनिश्चितता आली. यावेळी निदान त्या नवऱ्याच्या बरोबर होत्या.

दरबार फार भरला नाही. अनुयायी थोडे, पैसा त्याहून थोडा, आणि टिळकांपाशी काळ सर्वांत थोडा. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि देवाचा दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. व्यवहाराच्या हिशेबात हा उद्योग फसलाच. पण जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १९२२ साली 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापून देशी वळणाचे आश्रमजीवन पुन्हा उभे केले आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. साताऱ्यातला विझलेला दिवा कुणीतरी पाहून ठेवला होता, असे म्हणायला हरकत नाही.

टिळकांच्या मागे एक महाकाव्य अपुरे राहिले होते: 'ख्रिस्तायन'. येशूचे जीवन ओवीत सांगणाऱ्या या ग्रंथाचे मोजकेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. ज्यांना शाळेचे तोंड माहीत नव्हते, ज्यांना अक्षरओळखही टिळकांमुळेच झाली होती आणि जोडाक्षरांशी ज्यांचे वैर शेवटपर्यंत मिटले नाही, त्या लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले. घरखर्च, आजारपणे, मुलाबाळांचे प्रश्न, मुंबई आणि कराचीतला मुक्काम, या सगळ्यांतून वेळ काढत त्यांनी अध्यायामागून अध्याय रचले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली आणि मराठीला तिचे एक श्रेष्ठ आत्मचरित्र मिळाले. फेब्रुवारी १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. 'ख्रिस्तायन' त्यांच्या पश्चात, १९३८ साली छापून बाहेर पडले. त्यातले बहुसंख्य अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत.