सोपाऱ्याचा स्तूप उलगडणारे पंडित भगवानलाल

नालासोपारा पश्चिमेला मातीविटांचा एक जुना उंचवटा आहे. गावकरी त्याला पूर्वापार ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. हा कोट नसून बौद्ध स्तूप आहे, हे एप्रिल १८८२ मध्ये प्रत्यक्ष उत्खननाने सिद्ध केले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी.

भगवानलाल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजी जुनागढ येथे झाला. गावाशेजारीच गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख होता. जेम्स प्रिन्सेप याने उलगडलेल्या ब्राह्मी वर्णमालेचा तक्ता हाती येताच या मुलाने तो लेख स्वतःच वाचायला घेतला. विद्यापीठाचे शिक्षण नाही, इंग्रजीवर प्रभुत्व नाही. पण अक्षर ओळखणारी नजर मात्र विलक्षण होती. ‘रासमाळा’कार फोर्ब्स यांच्या मध्यस्थीने ते मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले आणि त्यांच्यासाठी लेणी व शिलालेख यांचा शोध घेत देशभर हिंडले. १८६९ मध्ये मथुरेत शीतलादेवीच्या चौथऱ्याच्या पायऱ्यांत बसवलेले सिंहशीर्ष त्यांनी हुडकून काढले. नाणेघाटातील लेखांवरून प्राचीन अंकचिन्हांचा उलगडा करण्याचे मोठे काम त्यांनी केले. भाऊ दाजी १८७४ मध्ये निवर्तले, तरी भ्रमंती थांबली नाही. ते गुजरातीत लिहीत आणि त्यांचे संशोधन इतरांच्या भाषांतरातून जगापुढे जाई. नेपाळमधील तेवीस लेखांवरील त्यांचा प्रबंध ब्यूलर यांनी इंग्रजीत आणला.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. येथील भातेला तलावाजवळ अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा भगवानलाल यांना मिळाला. मृगयेच्या सहली सोडून सम्राटाने धर्मयात्रा आरंभल्या, हा त्या लेखाचा विषय. बुरूड राजाच्या कोटाच्या मध्यभागी खणल्यावर विटांच्या कोठीत दगडी पेटी लागली. आत तांब्याचा करंडक, त्याभोवती आठ लहान कांस्यमूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे निघाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असा तर्क करण्यात आला. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते. नाणे दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे, तर मूर्ती कित्येक शतकांनंतरच्या. म्हणजे स्तूप मधल्या काळात पुन्हा उघडला गेला असावा.

हे सारे साधले ते पायी हिंडून, हाताने ठसे घेऊन आणि जमिनीचा चढउतार नजरेने वाचून. १८८४ मध्ये लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १६ मार्च १८८८ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फ्रान्समधील लाब्रुगिएर गावी आर्थर बातू याने पतंगाला कॅमेरा बांधून आकाशातून छायाचित्र टिपले. वातीची ठिणगी सरकत गेली की कॅमेऱ्याची झडप उघडे, अशी त्याची युक्ती होती. पुढे १९१२-१३ मध्ये हेन्री वेलकम याने सुदानमधील उत्खननाची छायाचित्रे पेटीपतंगांच्या साहाय्याने घेतली. वरून पाहिले, की तिरप्या उन्हातील सावल्या आणि पिकांच्या रंगातील फरक यांमुळे मातीखालच्या भिंतींच्या रेषा उमटतात. भगवानलाल यांना ती सोय नव्हती.

त्यांची नाणी आणि मथुरेचे सिंहशीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेले. सोपाऱ्याचे करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत, तर अशोकलेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जपला आहे. १९५६ मध्ये जवळच्याच भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला आणि सोपाऱ्यात अशोकाचे आणखीही लेख होते, हे उघड झाले. उरलेले लेख वसई-विरारच्या मातीत कोठे असतील, तर त्यावर इमारतीचा पाया पडण्याआधी ती जमीन वाचणारी नजर तेथे पोहोचायला हवी. वाचायचे कसे, हे भगवानलाल यांनी १८८२ मध्येच दाखवून दिले आहे.