संत फ्रान्सिस झेवियर : मरणोन्मुखांचे सोबती

आपल्या धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत एखाद्या संताचे चरित्र द्यावे, अशी इच्छा मंडळींनी प्रदर्शित केली, तेव्हा आम्ही संत फ्रान्सिस झेवियर ह्यांची निवड केली. त्यांचे जलप्रवास, त्यांचे धर्मप्रसाराचे कार्य आणि जुन्या गोव्यातील त्यांचे पवित्र अवशेष ह्यांविषयी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु त्यांच्या चरित्राची एक बाजू अशी आहे की, तिजकडे आपले सहसा लक्ष जात नाही. हे थोर धर्मदूत आयुष्यभर मरणाऱ्यांच्या उशाशी बसत आले, आणि त्यांचे स्वतःचे मरण मात्र एका परक्या बेटावरील गवती झोपडीत ओढवले.

हीच बाजू घेण्यास कारण आहे. नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांत विखुरलेल्या आपल्या कुटुंबांतून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. घरी आई किंवा वडील असाध्य दुखण्याने अंथरुणास खिळलेले असतात. रोग बरा होण्याजोगा नाही, असे डॉक्टरांनी सांगितलेले असते. अशा रुग्णांसाठी आता शहरोशहरी शुश्रूषागृहे निघाली आहेत, घरी येऊन सेवा करणारी माणसेही मिळतात. त्यांतील चांगली कोणती आणि केवळ नावाची कोणती, हे ओळखावे कसे? फरशी पाहून, फी पाहून, की दारावरील संताचे नाव पाहून? ह्या प्रश्नास उत्तर देण्याचे सामर्थ्य आमच्या अंगी नाही. पण फ्रान्सिस ह्यांच्या चरित्रात ते आहे, असे आम्हांस वाटते.

फ्रान्सिस ह्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नव्हारा राज्यातील झेवियरच्या गढीत झाला. हा मुलूख आज स्पेन देशात मोडतो. त्यांची मातृभाषा बास्क होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण तिचा संबंध पुढे येणार आहे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १५२५ साली, ते शिकावयास पॅरिसला गेले. बुद्धी तल्लख, शरीर चपळ आणि मनात कुळाचे नाव उजळण्याची हौस, असा हा तरुण होता. तेथे इग्नेशियस लोयोला ह्यांची गाठ पडली आणि त्या हौसेची दिशा हळूहळू पालटली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी दारिद्र्याचे व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. त्या सातांत फ्रान्सिस होते.

१५३७ च्या जानेवारीत ही मंडळी पायी चालत व्हेनिस नगरास पोहोचली. त्या नगरात असाध्य रोग्यांसाठी १५२२ साली स्थापन झालेले एक रुग्णालय होते, आणि त्याचे नावच असाध्यांचे रुग्णालय असे होते. उपदंशाने सडलेली व घरच्यांनी टाकलेली माणसे तेथे मरावयास येत. पॅरिसच्या विद्यापीठाची पदवी मिळविलेले फ्रान्सिस तेथे खाटा घालीत, जमीन झाडीत, व्रण धूत आणि मेलेल्यांस पुरीत. एका रोग्याचे व्रण पाहून त्यांस विलक्षण किळस आली, व ती जिंकण्यासाठी त्यांनी स्वतःवर मोठीच सक्ती केली, असे त्यांचे सोबती सिमाँव रॉड्रिग्ज ह्यांनी लिहून ठेविले आहे. संतांस किळस येत नाही, असे आपण समजतो. फ्रान्सिस ह्यांस ती आली. तथापि रोग्याकडे पाठ फिरवून ते निघून गेले नाहीत.

त्याच वर्षी २४ जून रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढे थोड्याच महिन्यांत व्हिसेंझा नगरात ते व रॉड्रिग्ज तापाने आजारी पडले आणि तेथील रुग्णालयात दाखल झाले. घर मोडकळीस आलेले, वारा आत येणारा, आणि दोघांत मिळून खाट एकच. एकास हुडहुडी भरे तेव्हा दुसऱ्यास अंगावरचे पांघरूण नकोसे होई, असे चरित्रकार सांगतात. अशा रीतीने जो पूर्वी रुग्णांची खाट घालीत असे, त्यास आता खाटेवरून जग कसे दिसते तेही कळले. ईश्वराने त्यांस दिलेले हे शिक्षण पुढे हिंदुस्थानच्या कामी आले, असे आम्ही मानतो.

७ एप्रिल १५४१ रोजी, बरोबर पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन बंदर सोडले. पोपमहाराजांचे प्रतिनिधी म्हणून त्यांस चाकर मिळू शकत होता; त्यांनी तो नाकारिला व आपले कपडे आपणच धुतले. वाटेत मोझांबिक येथे जहाजांस हिवाळाभर थांबावे लागले. रुग्णांची दाटी झाली, आणि सेवा करता करता फ्रान्सिस स्वतः तापाने फणफणले. वैद्याने त्यांस पडून राहण्यास सांगितले. त्या समयी एक खलाशी वातात बरळत मरणास टेकला होता. त्यास आपल्या बिछान्यावर निजवून, त्याची अखेर होईतो त्याजपाशी राहून, मगच फ्रान्सिस विसाव्यास गेले. ही साक्ष त्या वैद्याची आहे.

६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले. कोणा बड्या गृहस्थाकडे त्यांची राजेशाही सोय झाली असती. परंतु त्यांनी मुक्काम केला तो राजाच्या रुग्णालयात. दीर्घ प्रवासात सडलेले खलाशी व शिपाई तेथे आणले जात. फ्रान्सिस रात्री जमिनीवर निजत, आणि तेही ज्या रोग्याची अवस्था सर्वांत वाईट असेल त्याच्या खाटेलगत, म्हणजे त्याने हाक मारिल्याबरोबर उठता यावे. सकाळी ते रोग्यांची पापनिवेदने ऐकत व त्यांस ख्रिस्तशरीर देत. तदनंतर तुरुंगातील कैद्यांकडे जात. रविवारी नगराबाहेरच्या कुष्ठरोग्यांसाठी मिस्सा अर्पीत. दुपारी हाती घंटा घेऊन मुलांस धर्मशिक्षणास बोलाविणारे फ्रान्सिस आपणांस चित्रांतून परिचित आहेत. रात्री जमिनीवर जागणाऱ्या फ्रान्सिस ह्यांचे चित्र मात्र क्वचितच दिसते.

रुग्णालयाची परीक्षा करण्याचे स्थान त्यांनी कोणते निवडिले, हे येथे पाहण्यासारखे आहे. दिवाणखान्यातून रुग्णालय वेगळे दिसते आणि सर्वांत वाईट अवस्थेच्या रोग्याजवळ, जमिनीवरून, मध्यरात्री ते वेगळे दिसते. आम्हांस जर कोणी विचारील की अमुक शुश्रूषागृह चांगले आहे काय, तर आम्ही उलट विचारू की, तेथील सर्वांत निराधार रुग्णाजवळ रात्री दोन वाजता कोण असते?

फ्रान्सिस ह्यांची दुसरी शिकवण पैशाविषयीची आहे. १५४९ साली त्यांनी फादर गास्पार बार्झेयस ह्यांस ओर्मूझ बंदरी पाठविले, तेव्हा सोबत लेखी सूचना दिल्या. रुग्णालयातील गरिबांची व कैद्यांची भेट घेण्याचे त्यांनी त्यांत आवर्जून सांगितले. परंतु दानाचा पैसा धर्मगुरूने स्वतः न वाटता मिझेरिकॉर्दिया नामक दयाधर्माच्या बंधुसंघाच्या हाती द्यावा, असेही बजाविले. खरा गरजू कोण हे त्या बंधूंस अधिक ठाऊक असते, आणि धर्मगुरूच्या हाती पैसा असला की लोक आत्म्याच्या गरजेऐवजी पैशासाठी त्याजकडे येऊ लागतात, हा त्यामागील विचार होता. जेथे दया आहे तेथेही हिशेब चोख हवा, हे ह्या संतांस कळत होते. जे गृह किती पैसे लागतील ते पहिल्या दिवशी स्पष्ट सांगत नाही, ज्याची पावती मिळत नाही, ते कितीही गोड बोलले तरी सावध असावे.

आता त्यांच्या अंतकाळाकडे वळू. जपानात जाऊन आल्यावर चीन देशात शिरण्याच्या इच्छेने १५५२ च्या एप्रिलात त्यांनी गोवे सोडले आणि त्याच वर्षी ते चीनच्या किनाऱ्यानजीकच्या सान्सियान बेटावर उतरले. कँटनला चोरून नेण्याचे वचन दिलेला चिनी व्यापारी आलाच नाही. २१ नोव्हेंबरच्या सुमारास फ्रान्सिस ह्यांस ताप भरला. त्यांस जहाजावर नेण्यात आले. पण लाटांच्या हेलकाव्यांनी यातना वाढल्या, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांस थोडे बदाम व एक उबदार वस्त्र ह्यांसह परत किनाऱ्यावर आणिले. एका पोर्तुगीज गृहस्थाने दया येऊन त्यांस आपल्या झोपडीत घेतले. त्या काळच्या रीतीप्रमाणे शीर तोडून रक्त काढण्यात आले, आणि ते मूर्च्छित पडले. पुन्हा रक्त काढले, पुन्हा मूर्च्छा आली. अन्न पोटात ठरेना. मग वात झाला. त्यांच्याजवळ गोव्याच्या संत पावलाच्या विद्यालयात शिकलेला अंतोनियो नावाचा एक चिनी तरुण होता. स्वामी कोणत्या भाषेत बोलत आहेत हे त्यास उमजेना. ती त्यांची बालपणीची बास्क भाषा असावी, असा चरित्रकारांचा तर्क आहे. येशूचे नाव तेवढे त्यास कळे. ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटेपूर्वी अंतोनियोने त्यांच्या हाती पेटती मेणबत्ती दिली, आणि फ्रान्सिस देवाघरी गेले. वय अवघे सेहेचाळीस वर्षांचे होते. १५५४ साली त्यांचा देह गोव्यास आणिला गेला, १६२२ साली ते संत म्हणून घोषित झाले, आणि १९२७ साली धर्मप्रसाराचे आश्रयदाते ठरले.

प्रिय वाचकहो, ह्या अंतकाळात जे नव्हते व जे होते, ते दोन्ही मोजून पाहा. वेदना शमविणारे औषध नव्हते. उलट उपचारानेच रोगी खंगला. आज तसे असण्याचे कारण नाही. मॉर्फिनसारखी औषधे सांभाळून दिल्यास कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांच्या वेदना आवाक्यात येतात. २०१४ साली आपल्या देशाच्या संसदेने कायदा दुरुस्त करून ही औषधे मिळण्याची वाट सुलभ केली. वेदना सोसणे हेच पुण्य, म्हणून औषध नाकारावे, असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही; पोप बारावे पायस ह्यांनी १९५७ सालीच ही शंका दूर केली. म्हणून वेदनेचे औषध जवळ ठेवते काय, ते कोण देते व रात्रीही देते काय, हे प्रत्येक गृहास विचारावे. जे गृह केवळ प्रार्थना देते आणि औषध देत नाही, त्याची सेवा अपुरी होय.

दुसरे, त्यांस उगाच हलविण्यात आले. आपल्याकडेही शेवटच्या आठवड्यात रुग्णास गाडीत घालून नांदेडहून हैदराबादेस, लातूरहून सोलापुरास, तेथून पुण्यामुंबईस नेतात. प्रेमापोटीच नेतात, हे आम्ही जाणतो. परंतु जाण्याने रुग्णास काय लाभणार, हे आधी डॉक्टरांस स्पष्ट विचारावे. चांगले शुश्रूषागृह खरे सांगते, आणि घरीच ठेवणे बरे असेल तर तसेही सांगते. मुंबईस वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले. ते ह्या देशातील पहिले असे गृह. परंतु प्रत्येक गावी तसे गृह निघेपर्यंत आपले घर हेच बहुतेकांचे शुश्रूषागृह राहणार, आणि हीच परीक्षा आपल्या घरासही लागू आहे.

तिसरे, त्यांची भाषा कोणास कळली नाही. आपल्या दोन जिल्ह्यांच्या एका अंगास तेलुगू मुलूख, दुसऱ्या अंगास कानडी. येथे मराठीबरोबर उर्दू, तेलुगू, कानडी व तांड्यावरची गोरमाटी बोलली जाते. ग्लानीत माणूस आईच्या भाषेकडे परततो. ती समजणारे एक तरी माणूस उशाशी आहे काय, हे पाहणे औषधाइतकेच अगत्याचे आहे. त्याचप्रमाणे हिंदू वा मुसलमान रुग्णास त्याच्या श्रद्धेप्रमाणे, आणि आपल्या रुग्णास तैलाभ्यंग व ख्रिस्तशरीर घेऊन, शांतपणे जाता येते काय, हेही विचारावे.

आणि जे होते ते एकच : अंतोनियो. तो वैद्य नव्हता, धर्मगुरू नव्हता. त्यास स्वामींची भाषाही येत नव्हती. तो फक्त उठून गेला नाही. गोव्यात फ्रान्सिस जे इतरांसाठी करीत, तेच त्या बेटावर त्यांच्यासाठी एका परमुलखातील तरुणाने केले.

जुबिलीच्या वर्षी देऊळ रंगविणे, घंटा बसविणे हे योग्यच आहे. त्यासोबत आमची एक विनंती आहे. प्रत्येक विभागातून दोन-तीन स्त्रीपुरुषांनी आपली नावे द्यावीत, म्हणजे ज्या घरी रात्रीची जाग करणारे कोणी उरले नाही तेथे, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो, आपल्यापैकी एकजण पहाटेपर्यंत बसेल. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस ह्यांचा सण. त्या दिवशीच्या मिस्सेत ही नावे वेदीवर ठेवण्याचा आमचा मानस आहे. संत फ्रान्सिस झेवियर आपणां सर्वांसाठी, आणि आपल्या गावांत आज रात्री मरणाशी झुंजणाऱ्या प्रत्येकासाठी, परमेश्वरापाशी विनवणी करोत.