दोन वर्षं न विकलेला नांगर

‘किर्लोस्कर’ म्हटलं की आपल्याला पंप आठवतो, नाहीतर कॅम्पस इंटरव्ह्यू. पण मित्रांनो, लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती! २० जून १८६९ ला बेळगाव जिल्ह्यात जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेला. तिथे कळलं की काही रंग त्याला नीट ओळखूच येत नाहीत. पेंटिंग संपलं. मग तो मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळला आणि पुढे व्ही.जे.टी.आय.मध्ये शिकवू लागला. मशीन मात्र तो वर्कशॉपमध्ये हात काळे करून आणि पुस्तकं वाचून शिकला. प्रमोशन डावललं गेलं, तेव्हा नोकरी सोडली.

बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर त्यांचं सायकलचं दुकान होतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथली आहे. ते नुसती सायकल विकत नव्हते, फी घेऊन चालवायलाही शिकवत. ज्याला बॅलन्स जमत नाही तो सायकल कशाला घेईल?

नंतर त्यांनी कडबा कापायचं यंत्र काढलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आपला लाकडी नांगर माती फक्त उकरतो. हा माती पलटी करतो, तण खाली गाडतो. तरी कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली! भांडवल तेवढं अडकलेलं.

शेतकऱ्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. आमच्या कळंबला (ता. आंबेगाव) घरच्या कांद्याला ठिबक बसवलं, तेव्हा आजोबा वर्षभर गुपचूप सरीलाही पाणी सोडायचे. वाहतं पाणी डोळ्यांना दिसत नव्हतं ना! एक हंगाम फसला तर वर्ष जातं. आपल्याला नवीन सॉफ्टवेअर नाही जमलं तर फार तर सबमिशन लांबतं. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पुस्तकातल्या ‘लर्निंग कर्व्ह’मध्ये ही भीती कुठे मोजलेली नाही.

नांगर हळूहळू खपू लागला, तर बेळगावची जागा सोडायची वेळ आली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. निवडुंग आणि सापांचा माळ! १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. कामगारही तिथेच, करता करता तयार झाले.

१९२० मध्ये पुतणे शंकररावांनी कारखान्याची माहिती लोकांपर्यंत न्यायला ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं छोटं मासिक काढलं. तेच पुढे कथा-लेखांचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. तोवर लोखंडी नांगराला विष म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.